माथेरानची जागा

परवा रात्री जेवणे आटोपून ओटा पुसत होते, तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन. नेहमीची ख्यालीखुशाली झाली आणि मग मुद्द्याला हात घातला. "मावशी, माथेरानला एक जागा मिळतेय. जुना बंगला आहे, चौघा मित्रांत मिळून घ्यायचा. शार्लोट तळ्यापासून चालत दहा मिनिटं! तू तर तिथलीच. घेऊ का, सांग."

मी तिथली नाही. मी नेरळची, म्हणजे पायथ्याची. एकतीस वर्षे नेरळच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. वर्गाच्या खिडकीतून तो डोंगर रोज दिसायचा, पावसाळ्यात चार महिने ढगात बुडालेला. पण आमच्या नातेवाइकांच्या लेखी नेरळ आणि माथेरान एकच. लग्नाकार्यात भेटले की म्हणणार, "तुमची काय बुवा मज्जा, बारा महिने थंड हवा!" नेरळचा मे महिना एकदा भोगून पाहा म्हणावे.

असो. भाच्याला "विचार करून सांगते" म्हणून फोन ठेवला. विचार करायला बसले, तर तो फोनवर मावेना. म्हणून इथे लिहिते आहे. शिवाय आमच्या घरात "काकांनी माथेरानला जागा घेतली होती आणि पैसे बुडाले" एवढाच किस्सा माहीत आहे. तोही अर्धाच खरा आहे. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, आता सांगायला हरकत नाही. पण आधी इतिहास. मास्तरीणबाईंना विचारलेत, आता ऐका!

शाळेत मी फळ्यावर लिहीत असे: 'माथेरानचा शोध – मे १८५० – ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर'. वर्गात ठाकूर, कातकरी, धनगरांची मुले बसलेली असत. त्यांचे पूर्वज त्या डोंगराच्या उतारावर आणि माथ्यावर मॅलेटसाहेबाच्या कितीतरी आधीपासून वावरत होते. मध गोळा करत होते, गुरे चारत होते. 'माथ्यावरचे रान' हे नाव काही साहेबाने दिलेले नाही. तरी 'शोध' हा शब्द लिहिताना पहिली कित्येक वर्षे मला काहीच वाटले नाही, हे कबूल करते. पुढे पुढे मी 'शोध' पुसून 'मॅलेट माथेरानवर आला' असे लिहू लागले. परीक्षेत मुले मात्र पुस्तकातला 'शोध'च लिहीत आणि मी मार्क देत असे.

हा मॅलेट चौक गावात मुक्कामाला होता. चौक म्हणजे डोंगराच्या नैर्ऋत्य बाजूचे, आता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर लागते ते. तिथून तो आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. जागा इतकी आवडली की त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला, वाट करून घेतली आणि घर बांधले. मॅलेट हे नाव पुण्याच्या लोकांना ओळखीचे वाटेल. पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट होता ना, सवाई माधवरावांच्या वेळचा, त्याचाच हा मुलगा. आणि ह्याचा दुसरा भाऊ आर्थर. महाबळेश्वरचा 'आर्थर सीट' त्याच्याच नावाचा. बापाने शनिवारवाड्यात वाटाघाटी केल्या आणि मुलांनी सह्याद्रीतल्या थंड जागा शोधून घरे बांधली. एका पिढीत राज्य कुठून कुठे गेले, हे शिकवायला मला हे उदाहरण फार आवडायचे.

नंतर मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन वर आला. त्याला जागा पसंत पडली आणि मग काय, गव्हर्नर जातो म्हटल्यावर कौन्सिलवाले आले, लष्करी अधिकारी आले, बडे व्यापारी आले. कॅप्टन बार याचे १८५२ मधले घर तर अजून उभे आहे, आता त्याचे हॉटेल झाले आहे. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून पुढे पळसदरीपर्यंत गेली, वाटेत नेरळ स्टेशन झाले, आणि मुंबईचा माणूस सकाळी निघून दुपारी पायथ्याशी पोचू लागला. पुढे पारशी आले, बोहरा आले, गुजराती शेटजी आले. प्रत्येकाचा झाडीत दडलेला बंगला, लाल मातीची पायवाट, मागे नोकरांच्या खोल्या.

आता भाच्या, इथे कान दे. ही माणसे बंगल्यांची मालक होती, पण जमिनीची? बहुतेक बंगल्यांखालची जमीन सरकारची आणि सरकारने ती भाडेपट्ट्याने दिलेली. डोंगराचा उरलेला मोठा भाग जंगल, तोही सरकारचा. म्हणजे 'माथेरानला आमची जागा आहे' असे मुंबईच्या दिवाणखान्यात बसून पिढ्यान्‌पिढ्या सांगणारी माणसे कायद्याने सरकारची भाडेकरू होती. आणि ती राहत किती? एप्रिल-मे आणि दिवाळीच्या आसपास. बाकीचा काळ बंगला बंद. वर्षभर तिथे राहत कोण, तर बंगल्याचा माळी, घोडेवाला, हमाल, पाणी भरणारे, धोबी, बाजारातला वाणी. त्यातल्या बाजारातल्या काही जणांची घरे कागदावर होती. बाकीच्यांचा कुठल्या कागदावर पत्ताच नाही.

तळ्याचेही असेच. शार्लोट तळे म्हणजे निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे, ओढ्याला बांध घालून केलेला साठा आहे. काठावर पिसारनाथाचे देऊळ आहे, ते माथेरानचे ग्रामदैवत. साहेबांच्या बाईचे नाव तळ्याला आणि काठावर आपला महादेव! तळ्याच्या काठी बसून फोटो काढणाऱ्यांना ते शोभेचे वाटते, पण गाव ते पाणी पीत आले आहे. म्हणून तर त्यात पोहायला बंदी. डोंगरावर पाऊस धो धो पडतो, पण जमीन जांभ्याची. पाणी मुरते आणि खाली झऱ्यांवाटे निघून जाते. वर उरते ते बांध घालून अडवले तेवढेच. मे महिन्यात, नेमकी गर्दी असते तेव्हा, तळे खाली गेलेले असते. आता खालून उल्हास नदीचे पाणी पंपाने वर चढवतात. म्हणजे वरच्या हॉटेलातला शॉवर चालतो तो आमच्या खालच्या नदीवर.

माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा बंगल्यांवर पाणी भरायचे. नळ आले तेव्हा त्यांचे काम गेले. मी त्यांना विचारले होते, "वाईट वाटलं का?" तर म्हणाले, "खांद्याला विचारा." आणि हसले. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटे खाली होता.

छोट्या गाडीबद्दल सगळ्यांना माहीत असते म्हणून थोडक्यात सांगते. सर आदमजी पीरभॉय यांचे पैसे, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची धडपड. १९०४ ला काम सुरू, २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे! दोन फुटी रूळ, वीस-एकवीस किलोमीटरची नागमोडी वाट. आमचे हे मध्य रेल्वेत होते, कर्जतला. त्यामुळे आमच्या घरात ह्या गाडीचे गुणगान देवाच्या आरतीसारखे रोज चाले. २६ जुलै २००५ च्या पावसात तिचे रूळ जागोजागी वाहून गेले, तेव्हा हे तीन दिवस नीट जेवले नाहीत. २००७ मध्ये, तिच्या शंभराव्या वर्षी, ती पुन्हा सुरू झाली आणि ह्यांनी मला पहिल्या आठवड्यातच वर नेले. पुढे २०१६ ला पुन्हा बंद, मग सुरू, २०१९ ला पुन्हा रूळ वाहिले, ते २०२२ च्या ऑक्टोबरात नेरळपासून गाडी परत धावली. पण तो सगळा खेळ पाहायला हे नव्हते.

माथेरानचा इतिहास म्हटला की लोक साहेब, शेट आणि गाडी यांच्यावर थांबतात. मला मात्र तो इतिहास वर्गात शिकवताना शेवटी एका माणसापाशी यायचे असे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानलाच जन्म, नाभिक कुटुंबात. ज्या डोंगरावर बाकीचे हवा खायला येत, तिथे हा मुलगा जन्मला, शिकला, वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेला. खालच्या शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या, म्हणजे पावसाळ्यात सावकाराच्या दारात जायला नको. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघेही गेले. भाईंचे वय तीस. आमच्या नेरळच्या हुतात्मा चौकातून रोज हजारो पर्यटक टॅक्सीची घासाघीस करत जातात. त्यांच्यापैकी किती जण मान वर करून पाहतात, देव जाणे.

बरे, आता आमची गोष्ट.

१९८६ ची दिवाळी. ह्यांच्या फंडातून थोडे पैसे उचलता येणार होते आणि ह्यांच्या डोक्यात माथेरान बसलेले. निवृत्त झाल्यावर तिथे राहायचे, सकाळी तळ्यापर्यंत फिरायला जायचे, संध्याकाळी स्टेशनवर जाऊन गाडी बघायची! रेल्वेत चाळीस वर्षे काढूनही ह्या माणसाला गाडी बघण्याचा कंटाळा नव्हता. कुणाच्या तरी ओळखीने मुंबईचे एक गृहस्थ भेटले. तळ्याच्या बाजूला त्यांचा वडिलोपार्जित बंगला होता. बंगला आमच्या ऐपतीबाहेरचा, पण आवारातल्या मागच्या दोन खोल्या आणि त्यांच्यापुढची जागा ते स्वतंत्र द्यायला तयार होते. किंमत चाळीस हजार. ह्यांनी पाच हजार इसार दिला, स्टँपपेपरवर इसारपावती झाली आणि मग मला सांगितले. हो, मग! आमच्या पिढीत मोठे व्यवहार असेच होत. बायकोला पेढा आधी मिळायचा आणि बातमी नंतर.

मला आनंद झाला नाही असे नाही. मी लगेच तिथल्या खिडकीला कसले पडदे लावायचे याचा विचार सुरू केला होता. पण इतिहासाच्या बाईला कागद बघायची खोड. मी ह्यांना म्हटले, एकदा कर्जतच्या वकिलांना दाखवू. वकिलांनी कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, जमीन कोणाची?"

मिळकत पत्रिका काढली. धारक सरकार. भाडेपट्टा त्या गृहस्थांच्या आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन चाळीसेक वर्षे झालेली. वारसांची नोंद नाही. पट्ट्याची मुदत संपलेली, नूतनीकरण नाही. आजोबांना मुले-मुली मिळून सात, त्यांची पुढची पिढी कोण लंडनला, कोण कराचीला. आणि पट्ट्याच्या आवारातल्या दोनच खोल्या तोडून विकायच्या, तर कलेक्टरची परवानगी हवी. जुन्या कागदांवर शिक्के कुलाबा जिल्ह्याचे, १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचा रायगड झाला होता. वकील म्हणाले, "तुम्हाला भिंती मिळतील. बाकी काय मिळेल ते मी सांगू शकत नाही."

हे तरी हटून बसले. "सगळं माथेरान असंच आहे. सगळे राहतातच ना?" त्यात तथ्य होते, आणि म्हणूनच मला उत्तर सुचेना. मग मी म्हटले, एकदा मी जागा बघून तरी येते.

डिसेंबरातला रविवार होता. सकाळच्या गाडीने एकटीच गेले. स्टेशनवरून चालत, विचारत विचारत तो बंगला गाठला. पुढची दारे-खिडक्या बंद, व्हरांड्यात वाळक्या पानांचा ढीग. मागे गेले, तर त्या दोन खोल्यांसमोर सारवलेले अंगण, तुळस आणि दोरीवर कपडे. बंगल्याचा माळी तिथे राहत होता. तो, त्याची बायको, म्हातारी आई, तीन मुले. त्याचा बापही तिथेच माळी होता. आम्हाला कुणीच हे सांगितले नव्हते. खरे तर आम्हीही विचारले नव्हते. 'मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत' असे ते गृहस्थ म्हणाले होते आणि त्यांच्या दृष्टीने त्या रिकाम्याच होत्या.

माळीणबाईंनी आत बोलावले, चहा टाकला. कोनाड्यात वह्या होत्या. सवयीने मी वरची वही उचलली. खाकी कव्हर, त्यावर लेबल, आणि लेबलवर आमच्या शाळेचे नाव. नववी 'ब'. आत निबंधाखाली माझीच लाल शाईतली सही. 'अक्षर सुधार' असा शेरा.

ती मुलगी माझ्याच वर्गात होती. आठवडाभर नेरळला मावशीकडे राहून शिकायची आणि शनिवारी दुपारी चालत वर घरी जायची. ती पाणी आणायला गेली होती. परत आली आणि मला बघून दारातच उभी राहिली, डोक्यावर हंडा तसाच. "बाई, तुम्ही?" तिला वाटले मी तिच्या तक्रारी सांगायला आले. माळीदादांना मात्र कुणकुण लागलेली असावी. ते काही बोलले नाहीत. मी जाताना फाटकापर्यंत आले आणि एवढेच म्हणाले, "बाई, जागा चांगली आहे. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत गळते, तेवढी बघून घ्या."

आता मी काय केले ते सांगते. घरी येऊन ह्यांना मी मुलीबद्दल काही सांगितले नाही. म्हटले, भिंतीला ओल आहे, छप्पर बदलावे लागेल, कौले न्यायची तर डोक्यावरून नाहीतर घोड्यावरून, गाडी वर जात नाही, चाळीस हजारांची जागा साठाला पडेल. आणि वकील म्हणतात तसे कागद कच्चे. हे सगळे खरे होते. मी खोटे काहीच बोलले नाही. पण खरे कारण मी लपवले. मुलीचे सांगितले असते तर हे चिडले नसते, उलट लगेच 'राहू दे' म्हणाले असते, इतका मऊ माणूस. मग आपल्या बायकोच्या वर्गातल्या मुलीसाठी स्वप्न सोडावे लागले, हे शल्य त्यांना कायमचे राहिले असते. त्यापेक्षा सरकारवर आणि कागदांवर चिडले तर बरे, असे मला तेव्हा वाटले. बरोबर होते की नाही, मला अजून ठरवता येत नाही. कारण सोडायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे होते, आणि ते मी परस्पर ठरवून टाकले.

व्यवहार मोडला. इसार परत मिळाला नाही. त्यावेळचा माझा दोन-अडीच महिन्यांचा पगार तो.

आणि एवढे करून काय झाले? नव्वदच्या दशकात तो बंगला कुणीतरी चालवायला घेतला, पुढे वारसांचे कसेबसे मिटले आणि तिथे हॉटेल झाले. माळ्याच्या कुटुंबाला थोडेफार पैसे देऊन खोल्या रिकाम्या करून घेतल्या. ते खाली नेरळला एका चाळीत आले. म्हणजे मी घेतली नाही म्हणून ती जागा त्यांची राहिली, असे काही नाही. दहा वर्षे जास्त मिळाली इतकेच. त्या दहा वर्षांत मुलीची बारावी झाली, नर्सिंग झाले. आता ती बदलापूरला असते. दिवाळीला फोन करते. तिला ह्यातले काही माहीत नव्हते. परवा भाच्याच्या फोननंतर मी तिला विचारून घेतले, लिहू का म्हणून. सगळे ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिहा बाई. पण अक्षर सुधारलं होतं नंतर, तेही लिहा." तर तेही लिहिते. सुधारले होते.

तेव्हापासून माथेरान खूप बदलले. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि आजूबाजूचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, दोनशे चौदा चौरस किलोमीटरच्या वर. झाड तोडायचे, खोली वाढवायची, तर मंजुरीशिवाय नाही. मुंबईच्या पर्यावरणवाद्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण वरच्या माणसांची अडचणही खरी होती. बंगल्याच्या मोठ्या आवारात एक खोली वाढली काय, नाही काय, शेटजींना फरक पडत नाही. एका खोलीत तीन भावांचे संसार असतील, त्यांना पडतो. जनगणनेत २००१ ला माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती, २०११ ला ४,३९३. पर्यटकांची गर्दी वाढतच गेली आणि राहणारी माणसे मात्र कमी झाली. मुले शिकून खाली उतरली, ती परत चढली नाहीत. माझ्याच वर्गातल्यांची यादी मी देऊ शकेन.

हातरिक्षांचे तर सगळ्यांना ठाऊक असेल. एक पुढे ओढणार, दोघे मागून ढकलणार, आत बसलेला माणूस भुईमूग खाणार. वाहनबंदी चांगलीच, तिच्यामुळे तर माथेरान माथेरान राहिले. पण त्या बंदीचे ओझे कोणी ओढले, हे आपण हवा खाणाऱ्यांनी विचारले नाही. रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने न्यायालयात वर्षानुवर्षे चिकाटी धरली, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असे बजावले. ती बातमी मी दोनदा वाचली. माझ्या तीन विद्यार्थ्यांनी ती रिक्षा ओढली आहे. एकाने तर एकदा मलाच ओढून नेले होते, पाय मुरगळला होता तेव्हा. पैसे घेतले नाहीत. मी आत बसले आणि रस्ताभर त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्या पाठीवर मी एकदा गृहपाठ केला नाही म्हणून धपाटा मारला होता.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. घेऊ नकोस असे मी म्हणत नाही. तुझे पैसे, तुझे मित्र. पण चौघांनी मिळून सही करण्याआधी मिळकत पत्रिका स्वतः काढ, दलालाने दिलेली झेरॉक्स चालणार नाही. जमीन कोणाची, पट्टा कोणाच्या नावावर, मुदत कधीची, हस्तांतराला परवानगी घेतली का, हे एकेक बघ. पाणी रोज येते की एक दिवसाआड, ते मालकाला विचारू नकोस, शेजाऱ्याला विचार, आणि मे महिन्यात विचार. मग जुलैत एक रात्र तिथे राहा. धुके घरात शिरते, गाद्या ओल्या होतात, चपलांना बुरशी येते. बायकोला बरोबर ने, म्हणजे खरा निर्णय तिथेच होईल.

आणि आवाराच्या मागे जाऊन बघ. दोरीवर कुणाचे कपडे वाळत असतील तर ते कोण, कधीपासून राहतात, त्यांचे पुढे काय ठरले आहे, हे बसून विचार. चहा देतील तो घे.

ह्यांनी त्यानंतर जागेचे नाव काढले नाही. पण निवृत्तीनंतर दर मे महिन्यात आम्ही दोन दिवस वर जात असू, एका साध्या लॉजमध्ये. हे पिसारनाथाचे दर्शन घ्यायचे आणि तळ्याच्या बांधाजवळ एका ठरलेल्या दगडावर बसायचे. तिथून झाडीत तो बंगला असलेली बाजू दिसते. एकदा, बहुधा २०११ असेल, तिथे बसल्या बसल्या म्हणाले, "त्या माळ्याची पोरगी काय करते गं आता?" मी म्हटले, "कोणती?" ते म्हणाले, "तीच. नववी ब." आणि भुईमुगाची पुडी माझ्यापुढे धरली.

त्यांना कधी कळले, कोणाकडून कळले, मी विचारले नाही.

येणार असशील तर शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी ये. मीही येते. दस्तुरीपर्यंत टॅक्सीने जाऊ, तिथून ई-रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर अमन लॉजहून छोटी गाडी आहेच. माझे गुडघे आता चढ घेत नाहीत. डबा मी आणीन, तू फक्त काठी आण, तळ्याजवळची माकडे पिशवीच ओढतात.